१० बाय १७ चा हॉल, मायवानच्या भिंती: टॉवर स्पीकर घेऊ की बुकशेल्फ?

कासारवडवली_१४वा_मजला

नमस्कार मंडळी, आजवर इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. हॉलसाठी स्पीकर घ्यायचेत, जमिनीवर उभे राहणारे उंच टॉवर की स्टँडवर ठेवायचे छोटे बुकशेल्फ, ते ठरत नाहीये. घोडबंदर रोडला कासारवडवलीत २ बीएचके घेतलाय, नवीन उंच बिल्डिंग, मायवान कन्स्ट्रक्शन, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, साधी फ्रेम लावायची तरी हॅमर ड्रिल लागतं. हॉल १० बाय १७ फूट. एका टोकाला बाल्कनीचं स्लायडिंग, दुसऱ्या टोकाला मेन डोअर आणि ओपन किचन, त्यामुळे टीव्ही लांब भिंतीवरच येणार आणि सोफा बरोब्बर समोरच्या भिंतीला टेकून, दुसरा पर्यायच नाही. उंची साडेनऊ फूट, कडेकडेने फॉल्स सीलिंग, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. सध्या हॉल रिकामाय आणि टाळी वाजवली की ती भिंतीभिंतींत टणटण फिरत राहते.

ऐकणं म्हणजे मुख्यतः शास्त्रीय, अभंग, नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी. बायकोला गझल. शनिवारी रात्री पिक्चर. बजेट अँपसकट, म्हणजे ॲम्प्लिफायर धरून, ७०-८० हजार, फार तर थोडं वर.

मुंबईत एका शोरूममध्ये जाऊन आलो, तो म्हणाला साहेब हॉल सतरा फुटांचा आहे ना मग टॉवरच घ्या, बुकशेल्फ पुरणार नाहीत. ऐकले तर जबरदस्त वाटले, खोटं कशाला बोलू. पण त्याची डेमो रूम म्हणजे जाड कार्पेट, भिंतींना पॅनल, आमच्या हॉलचा आणि तिचा काही संबंध नाही. त्यात इंटिरियरवाल्याने टीव्ही युनिटमध्ये स्पीकरसाठी म्हणून दोन कप्पे आधीच काढून ठेवलेत, १४ इंच रुंद, मागून बंद. त्यात मागे पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, असलेला स्पीकर चालेल का? ऑफिसातले म्हणतात साउंडबार घे आणि विषय संपव.

जाणकारांनी सांगा.

---

डग्गा_आणि_मी

आधी एक हिशोब करा, ब्रँडचं नंतर बघू. ५६५ ला खोलीच्या मापाने भागा, माप फुटांत. जो आकडा येईल त्या फ्रिक्वेन्सीला ती खोली स्वतःच घुमते, स्पीकर कुठलाही आणा. तुमची रुंदी १० फूट म्हणजे ५६ हर्ट्झ, उंची साडेनऊ म्हणजे ५९, लांबी १७ म्हणजे ३३ आणि त्याची दुप्पट ६६. बघा म्हणजे, ५६, ५९, ६६, तीन घुमारे एकमेकांना खेटून. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असली की हे होणारच, आणि आपल्याकडच्या बहुतेक २ बीएचकेंचे हॉल असेच. त्यात तुमचा सोफा भिंतीला टेकून, आणि या घुमाऱ्यांचा जोर भिंतीलगतच सगळ्यात जास्त असतो, म्हणजे तुम्ही बसणार तेच नेमकं त्याच्या घरात जाऊन.

आता टॉवरला आपण जास्तीचे पैसे कशाचे देतो? खालचा बेस मिळावा म्हणून. तो तुमच्या खोलीकडे आधीच आहे आणि नको इतका आहे. या हॉलमध्ये टॉवर कोपऱ्यात उभे करणं म्हणजे न्हाणीघरात ढोल वाजवणं. तेवढ्याच पैशांत बुकशेल्फ घेतलात तर ड्रायव्हर (आवाज काढणारे गोल पडदे), क्रॉसओव्हर (त्यांच्यात आवाज वाटून देणारं सर्किट), खोकं सगळं एक पायरी वरचं मिळतं.

अजून एक, यूट्यूबवरचे अमेरिकन रिव्ह्यू जपून बघा. तिकडे बहुतेक घरांच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड, बेसला त्या थोड्या हलतात, थोडा गिळतात, थोडा बाहेर सोडून देतात. मायवानची भिंत काही गिळत नाही, जे दिलं ते सगळं परत. त्यामुळे तिकडचा माणूस ज्याला बेस जरा कमी म्हणतो तो स्पीकर आपल्याकडे पुष्कळदा नेमका बसतो.

दुसरा हिशोब मागच्या भिंतीचा. वूफरपासून, म्हणजे बेस काढणाऱ्या मोठ्या पडद्यापासून, मागच्या भिंतीचं अंतर फुटांत घ्या आणि २८२ ला त्याने भागा. तिथे खड्डा पडतो, कारण भिंतीवरून परत आलेला आवाज उलटा पडून मूळ आवाजाला खातो. कुणीतरी तुम्हाला सांगेलच की स्पीकर भिंतीपासून पुढे काढा. काढले, वूफर भिंतीपासून २ फुटांवर आला, तर खड्डा १४१ हर्ट्झला. काळी एकचा षड्ज किती? १३९ च्या आसपास. म्हणजे त्या पट्टीत गाणारा बुवा षड्ज लावणार आणि तोच तुमच्याकडे पोकळ ऐकू येणार. भिंतीच्या जितकं जवळ जाल तितका हा खड्डा वर सरकतो, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला स्पीकर मागच्या बाजूला फारसा आवाज फेकतच नाही म्हणून तो उथळही होतो. एक तर भरपूर लांब नाहीतर भिंतीला जवळजवळ चिकटून, अधलंमधलं सगळ्यात वाईट. १० फुटांत भरपूर लांब कुठून आणणार, म्हणून तुमच्यासाठी भिंतीजवळ चालणारा स्पीकर.

तो कोणता, तर पोर्ट पुढे असलेला, किंवा पोर्टच नसलेला, किंवा पोर्टात कोंबायला स्पंजचा बोळा सोबत देतात तो. एलॅकच्या डेब्यू २.० ला, म्हणजे बी५.२ आणि बी६.२ ला, पोर्ट पुढे आहे. क्यू अकॉस्टिक्सच्या ३०३०आयचा मागे आहे पण बोळे बॉक्समध्येच येतात. डालीचा ओबेरॉन ऑन-वॉल तर भिंतीवर लावायलाच बनवलाय, तुमच्याकडे ड्रिलचा त्रास एकदाच होईल. बंद खोक्याचा जुना नमुना म्हणजे बीबीसीचा एलएस३/५ए, ७० च्या दशकात त्यांनी तो ओबी व्हॅनमध्ये (बाहेरून प्रक्षेपण करायची गाडी) निवेदकाचा आवाज नीट तपासता यावा म्हणून बनवला. व्हॅनपेक्षा तुमचा हॉल मोठाच आहे की. हार्बेथचा पी३ईएसआर त्याच वंशातला, गळ्यासाठी आजही त्याचं नाव घेतात, पण ते बजेट वेगळं.

कप्प्यांचं: मागे पोर्ट असलेला स्पीकर बंद कप्प्यात ठेवू नका, कप्पाच बोलायला लागेल. ठेवायचाच झाला तर बोळा घाला, स्पीकरचा चेहरा कप्प्याच्या कडेच्या अर्धा इंच पुढे येऊ द्या, आजूबाजूची पोकळी जुन्या उशांनी भरा. पण मी म्हणेन स्टँडच. वागळे इस्टेटमध्ये कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून एमएसच्या (साध्या स्टीलच्या) चौकोनी पाइपचे करून घ्या, पाइपमध्ये वाळवलेली रेती भरा, रेडीमेडपेक्षा ठोस आणि स्वस्त.

---

सानपाडा_पामबीच

वरच्या साहेबांनी घाबरवूनच टाकलं बिचाऱ्याला. एवढं भागाकार-गुणाकार करायची आता गरज नाहीये भाऊ, जमाना बदललाय. वीम (WiiM) कंपनीचा अँप घे, त्यात ८ ओहमला ६० वॅट मिळतात, एचडीएमआय आहे म्हणजे टीव्हीला एका केबलने जोडला, स्ट्रीमिंग आतच, आणि ॲपमध्ये रूम करेक्शन, फोन हातात धरायचा, ते सूंऽऽ असा आवाज काढतं आणि खोली मोजून बेस आपोआप खाली आणतं. मग टॉवर घे नाहीतर काही घे. पिक्चर बघतोस ना, टॉवरला जी मजा आहे ती त्या खोक्यांना नाही. आणि सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे ओढ, बेस आपोआप बसतो.

साउंडबार नको मात्र. गझल त्याच्यावर ऐकायची म्हणजे गायक टीव्हीच्या खालच्या फटीत बसून गातोय.

---

डग्गा_आणि_मी

@सानपाडा, वीमला माझा विरोध नाहीच, उलट या बजेटला तोच घ्या असं मीही म्हणेन. पण करेक्शन उंचवटा कापतं, खड्डा भरत नाही. ५६ चा घुमारा ते छान खाली आणेल, १४१ ला जिथे दोन आवाज एकमेकांना खातायत तिथे तुम्ही जास्त ओताल तेवढं जास्त खाल्लं जाईल. १० डेसिबल वाढवायचे म्हणजे अँपकडून दहापट पॉवर मागायची, आणि हाती काही नाही. आणि टाळी वाजवल्यावर जे टणटण होतंय त्याला ॲप काय करणार, ते टाइल आणि काचेचं काम आहे.

सोफा दीड फूट ओढून १० फुटांच्या खोलीत ५६ हर्ट्झ जेमतेम १ डेसिबल खाली येतं. ३ डेसिबल हवे असतील तर अडीच फूट ओढा, मग टीव्हीसमोरून जायचं कसं ते घरच्यांना विचारा. पण थोडा तरी पुढे घ्याच, वेगळ्या कारणासाठी: डोकं भिंतीला टेकलं की मागून लगेच परत येणारा आवाज समोरच्यात मिसळतो आणि तंबोऱ्याची जवारी, तानांमधले दाणे, सगळं एकमेकांत लडबडतं. वीतभर जागा आणि पाठीमागे एखादी जाड गोधडी किंवा पुस्तकांचं शेल्फ, एवढ्यानेही फरक पडतो.

वॅटच्या मागे लागू नका. ८७ डेसिबलचा स्पीकर, म्हणजे १ वॅटला मीटरभर अंतरावर तेवढा आवाज देणारा, सोफा सात-साडेसात फुटांवर, दोन्ही स्पीकर मिळून १ वॅटला तुमच्या कानापाशी साधारण ८५ डेसिबल होतात, म्हणजे आतून हाक आली तर ऐकू येणार नाही इतका आवाज. बाकीचे वॅट तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी. ५०-६० रग्गड.

---

वाशी_सेक्टर_नऊ

तांत्रिक चर्चेत मी पडत नाही, पण घरात स्पीकर ठेवायचे म्हणजे काय ते सांगते, कारण हे शोरूमवाले कधी सांगत नाहीत आणि इथले पुरुषही.

पहिलं, लादी. टॉवर जमिनीवर उभा असतो, रोज ओला पोछा त्याच्या पायाला लागणार, आणि खोकं बहुतेक एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचं, असतं, ते पाणी पितं आणि खालून फुगतं. माझ्या चुलतभावाकडे नेरुळला बघून या, पुढून झकास आणि खाली बिस्किट भिजल्यागत कडा. स्टँडला ही भानगड नाही.

दुसरं, पावसाळा आणि खाडीची हवा. वूफरच्या कडेची जी गोल लवचिक पट्टी असते ती रबराची आहे का विचारून घ्या. बाबांचे जुने स्पीकर होते त्यांना फोमची पट्टी होती, बोट लावलं तर चुरा हातात आला, आणि वाजवले की फडफड. आता बहुतेकांना रबर असतं पण सेकंडहँड बघणार असाल तर जाळी काढून ही पट्टी आधी दाबून बघायची, मग किंमत बोलायची.

तिसरं, पाल. हसू नका. मागचं भोक म्हणजे तिच्यासाठी तयार घर, ऊबही मिळते. पोर्टाला आतून मच्छरदाणीच्या नेटचा तुकडा लावा, आवाजात काही कळत नाही. कळतं म्हणणारा असेल तर त्याने पाल सांभाळावी.

चौथं, गणपती. मखर कुठे बसणार ते आत्ताच ठरवा, कारण टीव्हीची भिंत हीच ती जागा असते नव्वद टक्के घरांत. बुकशेल्फ दोन माणसांनी उचलून बेडरूममध्ये नेता येतात, स्टँडखाली मास्किंग टेपच्या खुणा ठेवल्या की नंतर परत तिथेच. भिंतीवर कायमचे लावलेत तर मात्र मखर त्यांच्या मधे मावायला हवं, आणि मग हार-तोरण त्यांच्यावरच लटकणार, त्याला इलाज नाही.

आणि घुमण्याचं म्हणाल तर आधी सोफा, पडदे, गालिचा येऊ द्या. पडदा नेटचा नको, अस्तर लावलेला जाड, आणि काचेपेक्षा दीडपट रुंद म्हणजे चुण्या पडतात. गालिचा सोफा आणि टीव्हीच्या मधे, तुर्भ्याच्या आयकियात बघून घ्या नाहीतर सतरंजीखाली जाड फेल्ट टाकली तरी चालते. घर भरल्यावर टाळी परत वाजवून बघा.

---

कासारवडवली_१४वा_मजला

बापरे, एवढं सगळं! पालीचा मुद्दा बायकोला वाचून दाखवला, मागे भोक असलेला स्पीकर तिने तिथल्या तिथे रद्द केला.

कप्प्यांमध्ये आता राउटर आणि चपातीचे डबे जातील असं दिसतंय. इंटिरियरवाला नाराज होईल पण होऊ दे. टॉवरचं भूत उतरलं. पण एक शंका, पिक्चरसाठी पुढेमागे सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या बेसचा वेगळा स्पीकर, जोडला तर? आणि खालच्या मजल्यावर एक आजी-आजोबा आहेत, तक्रार येऊ नये अशी इच्छा आहे. भिंतींना ते काळे फोमचे चौकोन चिकटवले तर आवाज बाहेर जायचा थांबतो का?

---

माजी_सेक्रेटरी

सोसायटीची तीन टर्म सेक्रेटरीगिरी केलेला माणूस बोलतोय, नीट ऐका.

फोमच्या चौकोनांनी शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबत नाही. ४० हर्ट्झची एक लाट २८ फूट लांब असते, तिला दोन इंचाचा फोम दिसतसुद्धा नाही. त्याने फक्त तुमच्या खोलीतली टणटण कमी होते, आणि तेही जास्त लावले तर तेवढाच वरचा आवाज मरतो आणि खालचा घुमारा तसाच, मग सगळं अजून मातकट. काँक्रीटची भिंत जड असते त्यामुळे हवेतून जाणारा आवाज ती बऱ्यापैकी अडवते, बोलणं-गाणं सहसा पलीकडे जात नाही. पण स्लॅबला जर थेट हादरा मिळाला तर तो स्लॅब धरून लांब जातो. माझ्याकडे आलेल्या तक्रारी गाण्याच्या नव्हत्याच, सगळ्या धपधप होतंय याच्या. एकदा तर तक्रार दोन मजले वरून आली आणि आम्ही जिमचा ट्रेडमिल तपासत बसलो.

सब घ्यायला हरकत नाही, पण जमिनीवर थेट ठेवू नका, खाली जाड मऊ रबरी पॅड किंवा सॉर्बोथेनच्या (हादरे शोषणाऱ्या मऊ पदार्थाच्या) चकत्या, आणि कोपऱ्यात नको. स्टँडला टोकदार स्पाइक लावायची फॅशन आहे, टाइलवर ती कशाला, रबरी बुटं लावा. आणि वर वीमचं म्हणाले ना, त्याच्या इक्वलायझरमध्ये रात्रीसाठी वेगळं सेटिंग करून ठेवा, ६०-७० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलेलं. गझलेचं त्यात फारसं काही जात नाही. पिक्चरमधले स्फोट जातात, ते गेलेलेच बरे.

कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण कायदा काढायची वेळ आणूच नका. स्पीकर लागले की एक दिवस संध्याकाळी तुमच्या नेहमीच्या आवाजात लावा आणि खाली आजींकडे जाऊन पाच मिनिटं बसा, काय ऐकू येतं ते स्वतः ऐका. आजोबांना अभंग आवडत असतील तर उलट फर्माईश येईल, वरून आवाज वाढवा म्हणून.

---

सानपाडा_पामबीच

ओके, खालच्या आजी-आजोबांचं आधी नव्हतं सांगितलं, तसं असेल तर मीही बुकशेल्फच म्हणेन. सब सहा महिने घेऊच नकोस. बी६.२ चा वूफर साडेसहा इंची आहे, बी५.२ चा सव्वापाच, तुझ्या खोलीला दोन्ही घरी लावून बघितल्याशिवाय ठरवू नकोस. डीलरला विचार, डिपॉझिट घेऊन शनिवार-रविवारसाठी देणारे असतात. न देणारा असेल तर दुसरा डीलर.

डेमोला नेहमीची ऑडिओफाइल गाणी लावू देऊ नको त्याला, स्वतःचं पेनड्राइव्ह ने.

---

कासारवडवली_१४वा_मजला

ठरलं मग. वीम अँप, आणि बी५.२ व बी६.२ दोन्ही घरी आणून ऐकणार. सोबत डालीचा ऑन-वॉल नुसता शोरूममध्ये ऐकून येतो, भिंतीत भोकं पाडायची का ते त्यावर. स्टँडसाठी वागळे इस्टेटला शनिवारी जातोय, २४ इंच सांगू ना? सगळीकडे २४ च दिसतंय.

---

डग्गा_आणि_मी

२४ सांगू नका, सोफा आला का आधी? सोफ्यावर नेहमीसारखे रेलून बसा, ताठ नाही, आणि कुणाला तरी जमिनीपासून कानापर्यंतचं माप घ्यायला सांगा. त्यातून स्पीकरच्या तळापासून ट्वीटरच्या (वरच्या सुरांच्या छोट्या पडद्याच्या) मध्यापर्यंतचं माप वजा करा, ती स्टँडची उंची. आजकालचे एल शेपचे सोफे खूप बसके असतात, कान ३४ इंचांवरही येतो, मग २४ चं स्टँड उंच होतं. दोन्ही मॉडेलची खोकी वेगवेगळ्या उंचीची आहेत, त्यामुळे स्पीकर ठरल्यावरच ऑर्डर द्या, तोवर स्टुलावर पुस्तकं रचून ऐका. वरची प्लेट स्पीकरच्या तळापेक्षा जराशी लहानच ठेवायला सांगा, आणि पावडर कोटिंग रेती भरायच्या आधी.